गोंगाट परत हवाय

आठवड्यात तिसरी कॉलर बिघडली तेव्हा दुकानाचे मास्तर कॉलरबाईंना म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही काजं-बटणं बघा."

बत्तीस वर्षं कॉलरी शिवणाऱ्या बाईला काजं-बटणं! बाईंचं शिवण अर्धं कानावर चालायचं. दोऱ्याचा ताण बिघडला की मशीनचा सूर बदलायचा आणि पाय आपोआप थांबायचा. पण महिन्यापूर्वी कानात यंत्र बसलं आणि मशीनची वाचाच गेली.

"अहो आई, ते रीप्रोग्रॅम करून घ्या," सून म्हणाली.

"म्हणजे खोलणार?"

"नाही हो. आधीच्या सूचना पुसून नव्या द्यायच्या. यंत्राला तसं म्हणतात."

"आणि माणसाला?"

"माणसालाही म्हणतात, चेष्टेनं. तुमच्या लेकाला करून देतात का विचारा. निदान स्वतःच्या चादरीची घडी घालेल."

बाई हसल्या, पण कोडं काही सुटेना. या यंत्राला आधी सूचना दिल्या तरी कुणी?

कान तपासणाऱ्या बाईंनी संगणकावर नोंद काढली. "तुम्हीच, मावशी! 'माणसं ऐकू येऊ देत, बाकी गोंगाट नको.' त्यानं तुमचं मशीन गोंगाटात धरलं."

"माझं मशीन गोंगाट?" बाईंना ते जिव्हारी लागलं. "मग करा की ते, रीप्रोग्रॅम."

"करते. कोणता आवाज आत सोडू?"

आता आली का पंचाईत! बाईंनी टेबलावर बोटं वाजवली. "असा… नाही, असा वाजला की दोरा तुटलाच समजा. त्याच्या आधीचा. जरा कुरकुरल्यासारखा."

"तेवढाच वेगळा नाही काढता येत. सगळेच सोडावे लागतील. मग माणसांचं बोलणं थोडं मागे पडेल. चालेल?"

बाईंना सून आठवली, तिची थट्टा आठवली. मग कॉलरी आठवल्या. "सोडा," म्हणाल्या.

सोमवारी मास्तर यायच्या आत त्या आपल्या मशीनवर बसल्या. पंखा, कात्री, रस्त्यावरचे भोंगे, सगळी जत्रा एकदम कानात शिरली. त्या गर्दीत कुठेतरी मशीन कुरकुरलं. पाय थांबला. दोरा ताणला होता, तुटला नव्हता.

तेवढ्यात मागे मास्तर येऊन काहीतरी बोलले. लांबलचक बोलले. काजं म्हणाले की कॉलर, बाईंना काही म्हणजे काही कळलं नाही.

"हो हो," त्या म्हणाल्या आणि पुढची कॉलर सुईखाली सरकवली.