चुनी रेडकाची अर्धी गोष्ट

मित्रांनो, मी चित्रांचं एक जुनं पुस्तक आहे आणि मला शेवटचं पान नाही. मला हातात घेणारा आधी मुखपृष्ठ बघतो, मग आतली चित्रं बघतो. शेवट जागेवर आहे की नाही, हे सहसा कुणी तपासत नाही. म्हणून माझी हकीकत आज मीच सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. आधी शाईचा ओला वास, मग कापणीयंत्राची धार, मग पाठीत दोन पिना. माझ्या भावंडांबरोबर खोक्यात बसून मी बीडला आलो आणि तिथून नेकनूरच्या पलीकडच्या एका गावात, दोन खोल्यांच्या शाळेत पोहोचलो. खिडकीखाली एक दोरी बांधलेली होती. त्या दोरीवर मला कपड्यासारखं वाळत घातलं. तेच माझं घर.

माझ्या पोटात चुनी नावाच्या रेडकाची गोष्ट होती. सगळा कळप काळाभोर, आणि चुनीच्या गालावर मात्र चुना फासल्यासारखा पांढरा डाग. बाकीची रेडकं हसायची. चुनी राखेत लोळली, तिनं कोळशाला गाल घासून बघितला, आणि शेवटी डबक्यातल्या काळ्या चिखलात तोंड बुडवून बाहेर आली. त्या पानावर खाली लिहिलं होतं, 'चिखल वाळला. आता चुनी सगळ्यांसारखी दिसत होती. आता तिला कुणीच हसलं नाही.'

त्यानंतर शेवटचं पान होतं. त्याच्या एका बाजूला चुनीचा चिखल तडकतो, गाल ओढला जातो, खाज सुटते, तिला धड चारा खाता येत नाही. ती सरळ नदीत उतरते. पान उलटलं की एकही अक्षर नव्हतं. नुसती चुनीची आई होती, आणि ती लेकीचा पांढरा गाल चाटत होती. जिभेला कुठं कळतो रंग?

त्या शाळेत सत्यशीला मॅडम होत्या. त्या मला फार छान वाचायच्या. शेवटच्या चित्रापाशी आल्या की गप्प व्हायच्या आणि मला सगळ्या वर्गासमोर फिरवायच्या. एकदा पालकांच्या सभेतही त्यांनी मला वाचलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या वत्सलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला जन्मापासून दोनच बोटं. वाढताना तो हात त्या पदराआड ठेवायच्या. सभा संपल्यावर त्यांनी मला मागून घेतलं आणि शेवटचं चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हिच्या मायनं पुसलं न्हाई बगा, चाटलं." पुढं हळूहळू तो हात पदराबाहेर आला. मी काही केलं असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मी पूर्ण होतो.

मग एकदा शाळा बघायला साहेब लोक येणार असं कळलं. मॅडमनी भिंतीवर एक फलक करायला घेतला, 'मी आहे तसा छान आहे.' फलकाच्या मधोमध एक चांगलं चित्र हवं होतं. मॅडमना वाटलं, पुस्तक एका वेळी एकच पोर बघतं, भिंत सगळी पोरं बघतील. त्यांनी पट्टी ठेवली आणि ब्लेडनं माझं शेवटचं पान अलगद कापलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. साहेबांनी फलकाचे फोटो काढले, मॅडमचं कौतुक झालं. पुढं निवडणूक आली. मतदानासाठी शाळेच्या भिंती मोकळ्या करून रंगवल्या. फलक काढला गेला, आणि माझं पान कुठं गेलं ते कुणालाच ठाऊक नाही.

मी पुन्हा दोरीवर. फरक एवढाच, की माझी गोष्ट आता चिखल वाळतो तिथं संपत होती.

मॅडम नवी पुस्तकं वाचायला लागल्या, आणि काही वर्षांत माझा शेवट ऐकलेली पोरं शाळेतून बाहेर पडली. मग चौथीतल्या ऋतुजाच्या हनुवटीवर पांढरा डाग उठला. आधी तांदळाच्या दाण्याएवढा, मग वाढत वाढत ओठाच्या कडेला आला. दवाखान्यात सांगितलं, कोड आहे, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही. पण गावात बोलणी सुरू झाली. वर्गात तिच्या डब्याला कुणी हात लावेना. घरात तिची आजी छबुबाई आणि आई मोहिनी तिला ओढणी घट्ट बांधून शाळेत पाठवायला लागल्या. ऋतुजाची मोठी बहीण तेजश्री लग्नाची झाली होती. तिला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. धाकटीचा डाग दिसला तर थोरलीचं जमायचं नाही, अशी छबुबाईंना धास्ती. म्हणून ठरलं, की ऋतुजानं रविवारपुरतं तेलगावला मामाकडं जायचं. तिला हे मोहिनीनंच सांगितलं. ऋतुजानं विचारलं, "कावून?" मोहिनी म्हणाली, मामानं बोलावलंय. पण पोरांना खरं कळतं.

शुक्रवारी ऋतुजानं मला दोरीवरून काढून घरी नेलं. ओट्यावर बसून तिनं मला वाचलं. परत वाचलं. 'आता तिला कुणीच हसलं नाही' या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं पान उलटलं, तर पुढं नुसता माझा पुठ्ठा. गोष्ट संपली असंच तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी घरातले सगळे कापूस वेचायला रानात गेले. ऋतुजा एकटीच घरी. आजी पायाच्या भेगांना बिब्ब्याचं तेल लावते, हे ती कायम बघत आली होती. बिब्ब्याचा काळा डाग धुऊन जात नाही, हेही तिला माहीत होतं. चिखल जातो, बिब्बा जात नाही. तिनं आजीच्या डब्यातून बिब्बे काढले, आणि त्यांचं तेल हनुवटीला आणि ओठाच्या कडेला फासलं. मी तिच्याशेजारी उघडा पडलो होतो, त्याच पानावर. मग तिनं आरशात बघितलं, आणि ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

संध्याकाळपर्यंत आग आग व्हायला लागली. रात्रीत बिब्बा उतला. तोंड सुजून डोळे मिटले, हनुवटीवर फोड आले, पाणी वाहायला लागलं. ओठ उघडेनात, म्हणून तिला नीट ओरडताही येईना. उजाडायच्या आत तिला गाडीत घालून बीडला नेलं. पाहुण्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला. मी ओट्यावर तसाच पडून राहिलो. ती कितीतरी दिवस दवाखान्यातच होती.

मोहिनीचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. लेकीला घरी आणल्यावर एका दुपारी तिनं मला उचलून वाचलं. मग मला छातीशी धरून ती तडक शाळेत गेली. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर होती. तिनं मला सत्यशीला मॅडमसमोर टेबलावर ठेवलं.

"मॅडम, तुमी पोरांना ह्येच शिकिवता का? काळं फासलं की कुणी हसत न्हाई?"

मॅडमना आधी काही कळेना. मी तर त्यांचं लाडकं पुस्तक. त्यांनी मला मागच्या बाजूनं उघडलं, आणि पिनेपाशी उरलेल्या कागदाच्या बारीक पट्टीवर त्यांचं बोट अडखळलं. त्या खाली बसल्या.

"मोहिनीताई, याला अजून एक पान होतं," त्या म्हणाल्या. "ते मी कापलं."

मग त्यांनी ते पान तोंडानं सांगितलं. तडकलेला चिखल सांगितला, नदी सांगितली, आई सांगितली. मोहिनी आता मॅडमवर तुटून पडणार असं मला वाटलं. पण तिनं माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पान तुमी कापलं," ती म्हणाली. "पर तिला तेलगावला जा म्हणून मीच म्हणलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन ऋतुजाच्या घरी आल्या. तिच्या तोंडाला पट्टी होती. मॅडमनी तिला उरलेली गोष्ट सांगितली, माफीही मागितली. ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टीआडून हळूच म्हणाली, "ते म्हशीचं हाय, मॅडम." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मॅडम निघाल्या. मला मात्र त्यांनी तिथंच ठेवलं.

जखम भरली. पण हनुवटीवर सुरकुतलेला व्रण राहिला, आणि त्याच्या कडेनं कोड आणखी पसरलं. असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऋतुजा शाळेत जायला लागली, पण ओढणी सुटली नाही.

उन्हाळ्यात तेजश्रीला बघायला दुसरे पाहुणे आले. छबुबाई पुन्हा म्हणाल्या, धाकटीला तेलगावला धाडा. मोहिनी नाही म्हणाली. ऋतुजाला बाहेर यायचं नव्हतं, तर मोहिनीनं तिच्यावर जबरदस्तीही केली नाही. ऋतुजा आतल्या दाराआड उभी राहिली. चहा झाल्यावर पाहुण्यांमधल्या बाईंनी विचारलं, लेकरं किती? छबुबाईंनी सुनेकडं डोळे मोठे करून बघितलं.

"दोन पोरी हायेत," मोहिनी म्हणाली. "धाकटी आत हाय. तिला कोड हाय, आन् तोंडावर भाजल्याचा डाग हाय. लई हुशार हाय ती."

पाहुणे उठून गेले. त्यांचा निरोप काही आला नाही. तेजश्री पुष्कळ दिवस आईशी बोलली नाही, आणि छबुबाईंनी तर गल्लीभर सांगितलं, की सुनेनं हातानं पोरीचं नशीब मोडलं. हे सगळं मोहिनीनं सोसलं. ते सोपं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी ऋतुजानं मला फडताळातून काढलं. दवाखान्यातून आल्यापासून तिनं मला हात लावला नव्हता. वाळलेल्या चिखलाच्या पानापर्यंत ती आली. मोहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती.

"मम्मी," ऋतुजानं विचारलं, "पाण्यात गेल्यावर चुनीचा चिखल लगीच निघाला का गं?"

मोहिनीनं भाकरी तव्यावर टाकली.

"न्हाई," ती म्हणाली. "लई दिवस लागले आस्तील."

ऋतुजानं मला मिटलं, पण फडताळात परत ठेवलं नाही. मांडीवरच ठेवलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. तुम्हालाही ते पाठ असेल. मी जरा वेगळं मागतो. चित्र कितीही आवडलं तरी ते पुस्तकातून कापू नका, चांगल्या कामासाठीसुद्धा नाही. आणि एखादी गोष्ट वाचताना 'तू आहेस तशी चालणार नाहीस' असं वाटलं, तर ती गोष्ट एकट्यानं खरी मानू नका. पुस्तक घेऊन कुणाकडं तरी जा आणि विचारा, पुढं काय झालं? मोठ्या माणसांनाही माझं एक मागणं आहे. पोर विचारायला येईल याची वाट बघू नका. ऋतुजा विचारायला आली नव्हती.