नानांनी गिळलेल्या मात्रा

लय कोणासाठीही थांबत नाही, साक्षात देवासाठीसुद्धा नाही. धुळ्याच्या गायन परीक्षेत मात्र ती सोनगीरच्या एका पाहुण्यासाठी हलली.

रत्नाअक्का दोनदा नापास झाल्या होत्या. संथ ख्यालात बारा मात्रा मोजता मोजता त्यांची सम, म्हणजे पहिली मात्रा, हमखास चुकायची. म्हणून तबल्यावरच्या सुकदेवनानांशी ठरलं होतं की, सम आली की नाना मान हलवतील.

सहावी मात्रा संपते न संपते तोच दारातून सोनगीरचा पाहुणा डोकावून म्हणाला, "राम राम, नाना!"

नानांनी मान हलवली. अक्कांनी बेधडक सम घेतली.

परीक्षकांनी डोळे उघडले. नानांनी उरलेल्या सहा मात्रा गिळल्या, तिथंच दणक्यात पहिली मात्रा वाजवली आणि काही झालंच नसल्यासारखे पुढे निघाले.

"वा!" परीक्षक म्हणाले.

पास झालेल्या अक्का बाहेर येऊन पायरीवर मटकन बसल्या. "वाचले हो, नाना!"

"बठ्ठी देवनी करणी शे, अक्का." नानांनी सगळं श्रेय देवाला दिलं.

तेवढ्यात परीक्षकांनी येऊन नानांना बाजूला घेतलं. नानांचा चेहरा उतरला.

"उद्या जळगावला माझ्या मेहुणीची परीक्षा आहे," परीक्षक हळूच म्हणाले. "तबल्याला याल का?"