कोरडा भुसा

आखातातल्या करामा भागात राहणाऱ्या उर्मिलेने महिनाभर मनाली नि दर्शनाला आपल्या हॉलमध्ये रांगोळी शिकवली. तिघींनी ग्वाटेमालाची शहरं फिरायची, तिथल्या उत्सवात रस्त्यावर रंगीत भुशाचा गालिचा घालायचा, असं ठरलं होतं. पण हिची टोकाटोकी कोण ऐकणार म्हणून दोघी गुपचूप निघून गेल्या. आणि वर तोंड करून तिथून व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, तुझाच मोर काढलाय," मनाली म्हणाली. "इथले लोक भुशावर पाणी शिंपडतायत. आपण शिंपडायचं का?"

कोरडा भुसा उडतो, हे उर्मिलेने केव्हाच वाचून ठेवलं होतं.

"रांगोळीला कुणी पाणी घालतं का, बाई? रंग ओघळतील," ती गोड आवाजात म्हणाली.

मिरवणुकीआधीच वारा सुटला. मोराचं डोकं पहिलं गेलं. उर्मिलेने चहात बिस्किट बुडवलं आणि फोन जरा जवळ धरला.