हेमलताची सायकल

पासष्टच्या लढाईत खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाचे तास वाढले. तिथल्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या हेमलताला सुटल्यावर बसमध्ये जागा मिळत नसे. तासभर चालत ती अंधारात घरी पोहोचे आणि जेवताजेवता पेंगू लागे. शेवटी तिने एक जुनी लेडीज सायकल विकत घेतली. नवरा रात्रपाळीला, तेव्हा शिकवणार कोण?

रविवारी सासूबाईंनी, अनसूयाबाईंनी, पदर खोचला आणि मैदानात कॅरिअर धरलं.

"काहून भिऊन राहिली? मी धरलंय ना. समोर बघ."

तीन रविवार त्या मागे धावल्या. चौथ्या रविवारी दम लागून त्यांनी हात सोडला. सायकल तशीच पुढे गेली.

"आई, थांबवायची कशी?" हेमलता ओरडली.

"आत्ताच कशाला थांबते? अजून एक चक्कर मार," कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या.

सोमवारी हेमलता वीस मिनिटांत घरी आली. अजून उजेड होता. दोघी अंगणात चहा घेत बसल्या.

"महिन्याभरात कामाच्या दिवशी आज तुझं तोंड धड दिसलं," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.