काटकुळी चाकं

नात केंड्राच्या लग्नात जेवणाआधीच बिअर संपली आणि व्याह्यांना शेजारच्या गावी माणूस पिटाळावा लागला, त्या वर्षीच्या मे महिन्यात एल्विन ड्रायलिंग गॅरेजच्या फरशीवर बसून गाडीच्या पुढच्या हबवर एक अरुंद चाक चढवत होता. चाक बोल्टांवर निम्मं सरकलं आणि अडलं. त्याने ते हलकेच फिरवून पाहिलं. आत धातूवर धातू घासला.

"लागतंय," तो म्हणाला.

"ऐकू आलं," त्याची बायको लव्हेटा म्हणाली. ती बॅटरीचा उजेड धरून उभी होती. "पलीकडच्या कुत्र्यालासुद्धा ऐकू आलं."

चाकं डेल्मर वर्थची होती. तो दाराशी घडीच्या खुर्चीत बसून लव्हेटाने केलेला कोबी-खिम्याचा बन खात होता. मोटारींच्या शर्यतीच्या सरळ पट्टीवर डेल्मर आणि लव्हेटा तीस वर्षं एकमेकांना हरवत आले होते, आणि तीस वर्षं एकमेकांना सामान उसनं देत आले होते. उसन्या सामानाने समोरचा आपल्याला हरवेल याची तिथे कुणी फिकीर करत नसे. समोर कुणी उभंच राहिलं नाही तर जिंकायचं कुणाला?

"मी सांगितलं होतं," डेल्मर म्हणाला. "या गाडीचे पुढचे ब्रेक म्हणजे घंगाळं आहेत. त्यावर पंधरा इंची चाक कसं बसेल? ब्रेक काढ, लहान लाव. सगळे तेच करतात."

"आणि पट्टीवर कशी न्यायची?"

"माझ्या ट्रेलरवर टाकून."

"नको," एल्विन म्हणाला आणि चाक परत काढलं.

गाडी बुटकी, निळी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. सरळ पट्टीवरच्या शर्यतीत पुढच्या चाकांना काम असं नसतंच. ती नुसती बरोबर जायची. म्हणून ती जितकी बारीक आणि हलकी, तितकी गाडी मोकळी सुटते. तिथली माणसं त्यांना काटकुळी म्हणतात. पण ही गाडी मुळात रस्त्यावर वेगात जाऊन वेळेवर थांबायला बनवलेली. तिच्या पुढच्या चाकांत ताटाएवढी डिस्क आणि तिला चावून धरणारा विटेएवढा कॅलिपर होता. काटकुळ्या चाकाच्या पोटात तो मावत नव्हता.

गाडी लव्हेटा चालवायची. हात काळे एल्विन करायचा. त्याने स्वतः पट्टीवर कधी गाडी नेली नव्हती. लव्हेटा म्हणायची, रविवारच्या शर्यतीचा दिवा हिरवा झालेला त्याला सोमवारी कळतो.

मार्चमध्ये हेज गावच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून एल्विनच्या फुप्फुसांची चित्रं दाखवली होती. सगळं आयुष्य धान्याच्या कोठारावर काढलेलं. धूळ आत बसली होती. काय उचलायचं नाही ते डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. परतताना दोघांनी वाटेत चिली आणि सिनॅमन रोल खाल्ले. लव्हेटा म्हणाली, "आता शर्यती पुरे. ट्रेलर जोडायला मला एकटीला जमायचं नाही, आणि मला तसं जायचंही नाही." एल्विनने तिचा रोलही खाल्ला. मग महिनाभरात त्याने ट्रक विकला, ट्रेलर विकला, जुनी शर्यतीची गाडी विकली, आणि ही निळी आणली. हिला ट्रेलर नको. ही चाळीस मैल रस्त्याने आपली आपण जाईल, पट्टीवर पळेल आणि आपली आपण घरी येईल.

ती येईल, पण चालवणारी जाईल का, हे गाडीच्या हातात नव्हतं.

सतरा इंची काटकुळी चाकं टपालाने आली. लव्हेटाने चर्चच्या रविवारच्या शाळेतून मुलांची खेळायची हिरवी माती आणली. कुठे लागतं ते कळायला एल्विनने तिची पातळ पोळी कॅलिपरवर थापली, चाक चढवलं, हाताने एक फेरा फिरवलं आणि उतरवलं. वरच्या कडेला माती जशीच्या तशी होती. बाहेरच्या तोंडावर मात्र ती दाबून पार गेली होती, आणि मातीतून ब्रेकवरची उठावाची अक्षरं दिसत होती. बनवणाऱ्याने आपलं नाव तिथे उठवलं होतं, आणि चाकाचे आरे त्या नावालाच लागत होते.

"पोटात बसलं," एल्विन म्हणाला. "नाकाला लागतंय."

"मग हबवर एक चकती घाल. चाक तेवढं बाहेर येईल."

"चकती नको."

"का नको?"

"चाक बदलताना गवतात पडते."

"मी उचलेन."

"विसरशील एखादे दिवशी."

"मी विसरेन? चष्मा फ्रीजमध्ये कोण ठेवतं?"

"तो थंड बरा लागतो."

लव्हेटाने बॅटरी विझवली. तिला खरोखर राग आला होता. "तुला हे बसवायचंच नाहीये. लहान ब्रेक नको, चकती नको, डेल्मरचा ट्रेलर नको. मग हवंय काय तुला?"

एल्विन ब्रेकवरची माती नखाने काढत राहिला. "मध्ये काही नको," तो म्हणाला. "नेहमीचं चाक काढलं, हे घातलं, नट आवळले. बस्स."

"बॅटरी लाव," माती काढून झाल्यावर तो म्हणाला. तिने लावली.

त्याने कानस घेतली. अक्षरं तेवढी घासायची, खालचं अंग राखायचं. चार हात मारले की तो थांबायचा, दम गोळा करायचा, पुन्हा चार हात. दुसऱ्या अक्षरापाशी लव्हेटाने हात पुढे केला. त्याने कानस दिली नाही. तिसऱ्यापाशी तिने हात तसाच ठेवला होता. त्याने दिली.

"आडवी धर," तो म्हणाला. "लोणी लावल्यासारखी. खाली दाबू नकोस."

"तू पोळपाटाशी उभा राहून मला कधी शिकवलंस का?"

"तिथे तुला येतं."

ती घासत राहिली. चांदीसारखा बारीक भुगा तिच्या मनगटावर बसला. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला. "नाव पुसलं की रे बिचाऱ्याचं."

"नाव नसलं म्हणून ब्रेक लागायचा थांबत नाही."

या वेळी माती पुसट दबली, फाटली नाही. चाक फिरलं आणि कुठेच काही वाजलं नाही. एल्विनने कान जवळ नेऊन दोनदा ऐकलं. मग दुसरी बाजू केली. ती लव्हेटाने पहिल्यापासून घासली.

शुक्रवारी दुपारी त्याने पुढची दोन्ही नेहमीची चाकं परत चढवली, गाडी अंगणातल्या गवतावर आणली आणि काटकुळी चाकं, छोटा जॅक आणि पाना मागच्या सामानाच्या जागेत ठेवला. स्वतः बादली पालथी घालून बसला आणि हात खिशात घातले.

"आता मी इथे नाही असं समज," तो म्हणाला. "आणि पुढची चाकं बदल."

लव्हेटा पाना हातात घेऊन उभी राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं. ती गुडघ्यावर बसली आणि जॅक गाडीखाली सरकवला.

"आधी नट सैल कर, मग उचल," एल्विन म्हणाला.

"तू इथे नाहीस ना? मग हे कोण बोलतंय?"

तिने नट सैल केले, गाडी उचलली, जड चाक मांडीवर घेऊन उतरवलं. काटकुळं तिने एका हाताने उचललं. ते बोल्टांवर बसलं आणि थेट आत गेलं, मध्ये कसलाही अडथळा न होता. तिने नट आवळले, समोरासमोरचे एकामागून एक, त्याने कधीतरी दाखवलं होतं तसे. पलीकडच्या बाजूला जायला उठताना ती त्याच्या बादलीजवळून गेली आणि त्याची टोपी डोळ्यांवर ओढून पुढे झाली. टोपी त्याने तशीच राहू दिली.

"झालं," ती पलीकडून म्हणाली.

"जॅक गवतात राहिलाय," टोपीखालून एल्विन म्हणाला.

रविवारी ती एकटी निघाली. एल्विन म्हणाला, मी मागून डेल्मरबरोबर येतो, त्याला वाटेत सोबत हवी. डेल्मरला सोबत कधीच नको असते. पट्टी म्हणजे युद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी, दोन्ही बाजूंना गहू. फाटकावरच्या बाईने विचारलं, "एल्विन कुठाय?"

"मागून येतोय," लव्हेटा म्हणाली.

ते दोघे पोचले तेव्हा गाडी काटकुळ्या चाकांवर उभी होती आणि लव्हेटा बोनेटला टेकून लिंबाचं सरबत पीत होती. तिने खिडकीच्या काचेवर पांढऱ्या रंगाने आपली वेळ लिहून टाकली होती. त्या शर्यतीत प्रत्येकाने आधी सांगायचं असतं, आपली गाडी पट्टी किती वेळात संपवेल. सांगितल्यापेक्षा उशीर झाला तर समोरच्याने गाठायची भीती. सांगितल्यापेक्षा आधी पोचलात तर सरळ बाद.

एल्विनने आकडा पाहिला. "हा जुना आहे," तो म्हणाला. "जड चाकांवरचा."

"दोन चाकांनी असा किती फरक पडणार?"

"लिहिलंस तर लिहिलंस."

पहिल्याच फेरीत तिच्या शेजारी डेल्मर आला. लव्हेटा दिव्यावर सुरेख सुटली. गाडीचं नाक क्षणभर उचललं, काटकुळी चाकं हवेत लटकली, टेकली, आणि ती निळी रेघ गव्हाच्या मधून निघून गेली. शेवटच्या टोकाला डेल्मर एका गाडीभर मागे होता. फलकावर दिवा मात्र डेल्मरच्या बाजूला लागला. लव्हेटा लिहिल्यापेक्षा आधी पोचली होती.

ती परतीच्या रस्त्याने सावकाश आली. एल्विन कुंपणाशी उभा होता, एका हाताने तार धरून. तो इतका हसत होता की त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता तो आणखी हसला.

"माझ्या चाकांनी हरवलं तुला," तो म्हणाला.

"हरवायला नवरा पुरतो," लव्हेटा म्हणाली. "बस गाडीत. परत जाताना मी दमले असेन तर तू चालव."

त्या उन्हाळ्यात ती आणखी सहा वेळा एकटी गेली. एल्विन मागून यायचा. शेवटच्या दोन वेळा तो आलाच नाही, घरी ओसरीत बसून राहिला. ती संध्याकाळी परत आली तेव्हा त्याने फक्त विचारलं, "नट?" आणि ती म्हणाली, "आवळले." एकदा ती अंतिम फेरीपर्यंत गेली.

डिसेंबरमध्ये, नाताळचा गोड पाव ओव्हनमध्ये असताना, लव्हेटा स्वयंपाकघरात खाली बसली आणि उठली नाही. मेंदूतली शीर फुटली होती. ती कधी आजारी नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या शर्यतीला निळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा चालवायला एल्विन होता. फाटकावरच्या बाईने काही विचारलं नाही. त्याने चाकं बसून बसून बदलली, दर नटाला दम खात. डेल्मर शेजारच्या गाडीत बसून ते पाहत होता. तो मदतीला उतरला नाही. दिवा हिरवा झाल्यावरही एल्विन बराच वेळ तिथेच होता. मग तो निघाला, आणि पट्टी संपेपर्यंत गेला.

लव्हेटा ड्रायलिंग केंड्राच्या लग्नाच्या वर्षी, डिसेंबरच्या अठरा तारखेला वारली. एल्विन तिच्यामागे तीन उन्हाळे होता. तो चौथ्या वर्षी मार्चमध्ये, शर्यती सुरू व्हायच्या आधी, गेला.