मूठभर तांदळाचा डबा

मी एक जुना डबा आहे. तीन कप्प्यांचा, स्टीलचा, बाजूला कडी असलेला. माझ्या झाकणावर 'सिंधु कापगते' असं नाव घातलेलं आहे. या घडीला मी भिलाईजवळच्या रिसालीतल्या एका घराच्या जिन्यापाशी खिळ्याला लटकलो आहे आणि माझा जीव भांड्यात पडलेला आहे. हसू नका मित्रांनो. माझा जीव जन्मापासून भांड्यातच आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मागच्या दिवाळीआधी तो पार उडाला होता. कसा, ते सांगतो.

भिलाईच्या लोकांना वाटतं, जगातलं सगळं पोलाद इथंच तयार होतं. मी कुणाचा हिरमोड करत नाही, पण मी इथला नाही. कुठल्याशा मोठ्या शहरात मशीनखाली पत्रा दाबला गेला आणि मी झालो, एवढंच आठवतं. तिथून तिरोड्याच्या बाजारात आलो. सिंधुताईंच्या भावानं बहिणीच्या लग्नात द्यायला मला निवडलं. दुकानदारानं टर्रर्र आवाज करत नाव घातलं. दुखलं खूप, पण नाव लागलं की भांडं घरचं होतं. मी घरचा झालो.

ताईंचे यजमान देवाजी कारखान्यात रोलिंग मिलला होते. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, इथं येऊन कामगार झालेला. कापडी पिशवीत बसून, सायकलच्या हँडलला लोंबकळत मी त्यांच्याबरोबर सगळ्या शिफ्ट केल्या. माझ्या वरच्या कप्प्यात पोळ्या, मधल्यात झणझणीत पाटोडीचा रस्सा, खालच्यात भात. जेवणाच्या सुट्टीत माझी कडी उघडली की त्यांचे दोस्त गुलाबराव आधी बोट बुडवायचे आणि मग परवानगी मागायचे. "वहिनीच्या हाताले चव हाय बाप्पा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते माझंच कौतुक आहे असं मला वाटायला लागलं.

आमच्या घरचा एक रिवाज होता. डबा रिकामा परत करायचा नाही. शेजारणीचं भांडं आलं, तर त्यात साखर तरी घालून द्यायची. मीसुद्धा घरी रिकामा कधी आलो नाही. कधी बोरं, कधी फुटाणे, कधी कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाची चॉकलेटं. देवाजींचा अंकुर दारातच माझ्यावर झडप घालायचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा आवाज म्हणजे त्या पोराच्या हातून उघडणारी माझी कडी.

मग देवाजी रिटायर झाले. कारखान्याच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं, रिसालीत स्वतःचं घर बांधलं. अंकुर शिकून जर्मनीला गेला. मी माळ्यावर गेलो. ज्या पोटात पाटोडी असायची, त्यात आता कुलुपं हरवलेल्या चाव्या आणि तुटकी बटणं आली. खाली रोज स्वयंपाक व्हायचा, वास वर यायचा, आणि मी आपला धूळ खात बसायचो. कुणी मुद्दाम विसरलं नव्हतं हो. नुसतं विसरलं होतं. त्याचं दुःख जरा जास्तच होतं.

अशात वरची खोली भाड्यानं घ्यायला एक तरुण आला. त्याचं नाव लालरेमरुआता. मिझोरममधल्या लुंगलेई गावाचा. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याच्या नावाचं 'रुआता' करून टाकलं आणि त्यानंही काही तक्रार केली नाही. तो मिशनरी होता. त्याच्या चर्चनं त्याला एवढ्या लांब, माणसं वेगळी, भाषा वेगळी, अशा ठिकाणी कामाला पाठवलं होतं. गुलाबरावांनी देवाजींना तेव्हाच टोकलं होतं, "मिशनवाल्याले कावून घर देऊन राहिला तू?" देवाजींनी मग त्याला एकच अट घातली, की घरात धरमाच्या गोष्टी नाहीत. रुआतानं मान डोलावली आणि ती अट पाळली.

त्याचा आठवडा ठरलेला होता. सोमवारी सुट्टी. त्या दिवशी तो गच्चीवर कपडे वाळत घालायचा आणि संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल करायचा. मंगळवारपासून जामुलकडच्या वस्तीत मुलांचा अभ्यास घ्यायचा, गिटारवर गाणी शिकवायचा. शुक्रवारी दवाखान्यात, ज्यांच्याजवळ बसायला कुणी नाही अशा पेशंटजवळ बसायचा. शनिवारी प्रार्थनेची तयारी, रविवारी मोहन नगरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना. बसमध्ये लोक त्याला विचारायचे, "नेपाल से हो क्या?" तो रोज हसून सांगायचा, "नहीं, इंडिया से." परत आला की दमून पायरीवर बसायचा आणि मग स्वयंपाक करायचा. स्वयंपाक कसला! भात आणि उकडलेला पाला. तेल नाही, फोडणी नाही.

एकदा ताई वर गच्चीवर गेल्या आणि त्यांनी ते ताट पाहिलं. खाली येऊन त्या देवाजींना म्हणाल्या, "अहो जी, तो पोरगा पाला उकडून खाऊन राहिला! त्याच्या मायले काय वाटत असंन?" आणि त्यांनी स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि मला खाली काढलं. चाव्या बाहेर पडल्या. चिंचेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन त्यांनी मला असं लख्ख केलं की मलाच माझं तोंड दिसायला लागलं.

तेव्हापासून मी जिन्यापाशी लटकू लागलो. संध्याकाळी ताई भरून ठेवणार, रुआता येताना घेऊन जाणार, सकाळी परत आणून लटकवणार. पहिल्या दिवशी त्यानं मला छान धुतलं आणि रिकामं परत केलं. ताई म्हणाल्या, "बेटा, हमारे में डब्बा खाली नहीं देते." ताईंचं हिंदी यथातथा आणि त्याचं त्याहून. पण त्याला बरोबर समजलं. दुसऱ्या दिवशी माझ्यात दोन केळी होती. मग कधी पेरू, कधी पेपरमिंट. मला जुने दिवस आठवले.

दिवाळीच्या तोंडावर अंकुरचा फोन आला. यंदा सुट्टी नाही, येणं होणार नाही. रुआता मला परत करायला खाली आला तेव्हा ताई जिन्याशीच बसल्या होत्या, पदर डोळ्यांना लावून. "अंकुर नहीं आ रहा," एवढंच त्या म्हणाल्या. तो मला तसाच हातात धरून परत वर गेला.

वर गेल्यावर त्यानं भात लावायला घेतला. भांड्यात तांदूळ मोजले. मग त्यातली एक मूठ बाजूला काढली, डोळे मिटले आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मला त्यातला एकच शब्द कळला. अंकुर. मग ती मूठ त्यानं माझ्यात घातली, कडी लावली आणि मला खिळ्याला अडकवून तो पिशवी घेऊन निघाला. राजनांदगावच्या पलीकडच्या एका गावात त्याचं आठवडाभर काम होतं.

ताईंनी मला उघडलं आणि त्यांचा हात थांबला. कच्चे तांदूळ! फळ नाही, गोड नाही. "शिधा पाठवला का यानं आमाले?" त्या म्हणाल्या. "जेवण दिलं तं त्याची भरपाई करून राहिला? मी का परकी हाय?" त्यांना फार लागलं. तेवढ्यात शेजारची सुनिता दळण घेऊन जाताना डोकावली. ती इथलीच, छत्तीसगढची. तिनं तांदूळ पाहिले आणि दोन पावलं मागे सरली. "काकी, ये चाउर ला झन छूबे! टोना होही!" म्हणजे काकू, या तांदळाला हात लावू नकोस, जादूटोणा असेल.

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत माझीच चर्चा. गुलाबराव तर खास स्कूटर काढून आले. "मी म्हणलो होतो ना? अशेच करते हे लोक. आज तांदूळ देईन, उद्या अजून काही देईन." देवाजी शेवटी म्हणाले, "आला का सांगतो त्याले. खोली खाली कर म्हणतो. उगाच घरात भांडण नोको."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. आम्हा डब्यांना तोंड असतं ते फक्त घास ठेवायला. आणि बोलता आलं असतं तरी काय सांगणार होतो? की तो पोरगा तांदळावर अंकुरचं नाव घेत होता? ताईंनी धसका घेऊन अंथरूणच धरलं असतं! रुआता गेला, तर तो कुठं राहणार, या शहरात त्याला दुसरं दार कोण उघडणार, हा घोर मला लागला होता. आणि खरं सांगू? माझा माळा मला दिसत होता.

ताईंना ते तांदूळ फेकवेनात. अन्न ते. शिजवायचीही हिंमत होईना. तसेच माझ्या पोटात ठेवून त्यांनी मला मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी नेऊन ठेवलं. रोज जाता-येता त्या माझ्याकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. त्या आठवड्यात त्यांनी पाटोडी केली, पण देवाजींनाच दोन वेळा वाढली. वरच्या खोलीकडे नजर जायची ती जायचीच.

सोमवारी संध्याकाळी रुआता परतला. उन्हानं करपलेला, हसरा. खिळ्यावर मी नाही हे पाहून जरा गोंधळला. देवाजी अंगणात उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "बेटा, एक बात बोलनी थी..."

तोच ताई मला घेऊन पुढे आल्या. त्यांना राहवलंच नाही. कडी उघडून मला त्याच्यापुढे धरलं. "आधी हे सांग. ये चावल कायको दिया? हमने क्या बिगाडा तेरा?"

रुआताचा चेहरा उतरला. तो हिंदी शोधू लागला, सापडेना. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि आईला लावला. तिकडे लुंगलेईत अंधार पडला होता. चूल पेटलेली, आई स्वयंपाकाला बसलेली. रुआता तिच्याशी भराभर काहीतरी बोलला. ती हसली. तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, भांड्यात तांदूळ मोजले, त्यातली एक मूठ काढली आणि बाजूच्या वेगळ्या डब्यात टाकली. मग तो डबा उचलून आम्हाला दाखवला.

"मेरा माँ रोज ऐसा करता है," रुआता म्हणाला. "सुबह भी, शाम भी. हमारे तरफ सब घर में करता है. बुहफाइ थाम बोलते हैं, मतलब एक मुट्ठी चावल. अपने खाने में से पहले उसका निकालते हैं, जो दूर काम पर गया है. सब का चावल चर्च में जमा होके बिकता है, उसी पैसे से मैं इधर आया, आंटीजी. मैं उन सब का मुट्ठी खाता हूँ." तो मग हळूच म्हणाला, "अंकुर भैया दूर है. दिवाली में नहीं आएगा. तो मैंने अपने चावल में से उसका मुट्ठी निकाला. आपके डब्बे में रखा. मुझे लगा, आप देखेंगे तो समझ जाएँगे."

त्याला वाटलं होतं, हे सगळीकडेच करतात. जे आपल्या घरी जन्मापासून पाहिलं, ते जगाला ठाऊकच असणार असं आपल्याला वाटतं, तसं.

ताई खाली बसल्या. मला मांडीवर घेऊन रडल्या. पण ते रडणं वेगळं होतं, मला त्याचं वजन कळतं. फोनमध्ये ती दुसरी आई घाबरून काहीतरी विचारत होती. ताईंनी डोळे पुसले आणि मला दोन्ही हातांनी उचलून फोनसमोर धरलं. तिकडून तिनं आपला डबा उचलला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी मान हलवत राहिल्या. आणि माझा उडालेला जीव परत आपल्या जागी आला, म्हणजे भांड्यात.

रुआता देवाजींकडे वळला. "अंकल, आप कुछ बोलने वाले थे?"

देवाजींनी आभाळाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. "हाँ. टाकी भरली हाय. नहा ले, बोल रहा था."

त्या रात्रीचा भात त्या मूठभर तांदळासकट शिजला. गुलाबरावही जेवायला होते. आधी बोट बुडवलं, मग म्हणाले, "मी कुठं काय म्हणलो होतो?"

आता ताई रोज भात लावण्याआधी एक मूठ माझ्या खालच्या कप्प्यात टाकतात. मी भरलो की तो भात शिजतो आणि घरापासून लांब आलेल्या कुणाच्या तरी पानात जातो. सध्या समोर बांधकामावर ओडिशाचे मिस्त्री आहेत, ते खातात. कधीकधी सुनिता येता-जाता आपली मूठ माझ्यात टाकून जाते. टोण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आम्हीही काढत नाही. रुआता त्याच्या देवाला हात जोडतो, ताई त्यांच्या. मी दोघांचं धुणं-घासणं सोसतो आणि मजेत आहे.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं एखादं भांडं नाव मिरवत धूळ खात असेल. त्याला खाली काढा, घासा, कुणासाठी तरी भरा. आणि त्यातून परत काय आलं ते कळलं नाही, तर गल्लीला विचारू नका. ज्यानं ठेवलं त्यालाच विचारा.

परवाच्या रविवारी अंकुरचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, सर्दीनं बेजार झालो गं. खालच्या मजल्यावरची म्हातारी गरम सूप देऊन गेली, पातेलंभर. अब वो बर्तन वापस करना है. रिकामं कसं देऊ? काय ठेवू त्यात?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मूठभर तांदूळ ठेव," त्या म्हणाल्या. "पण कावून ठेवला ते सांगजो तिले, बाप्पा. नाही तं ते बिचारी भेऊन जाईन."