अडीच मिलिमीटर

प्रुफाच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक दिवा होता. दिवा टेबलाच्या एकाच बाजूला होता, कारण दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. टेबलावर जाड कागदाचं एक पान: पंचवीस ओळी, ओळीत तीस घरं, घरात जास्तीत जास्त सहा टिंबं. शेजारच्या दोन टिंबांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर. पानाच्या कडेला एक डावा हात, ओळ धरून ठेवायला. ओळीवर उजव्या हाताचं एक बोट, वाचायला.

बोट दादाचं. अंध मुलांची पुस्तकं काढणाऱ्या त्या छापखान्यात सगळेच त्याला दादा म्हणत, पण खरा दादा तो एकाच माणसाचा होता. दिव्याच्या बाजूला बसणारी त्याची धाकटी बहीण. तिला लहानपणापासून टकळी म्हणत, आणि ते नाव तिने कधी खोटं पडू दिलं नव्हतं. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. घर एक, छापखाना एक, डबाही एक.

प्रूफ तपासायची रीत ठरलेली होती. ज्याचं बोट, त्याने मोठ्याने वाचायचं. ज्याचे डोळे, त्याने मूळ पुस्तकात बघत ऐकायचं. उलटं केलं तर कान पुढचं आधीच सांगून टाकतो आणि बोट नुसतं फिरायला जातं. नव्या माणसांना हे दादाच बजावून सांगायचा.

एके दिवशी तो म्हणाला, "आज तू वाच गं. माझा घसा बसलाय."

टकळीला काय, तेवढंच हवं होतं. तिने वाचलं, त्याने बोट फिरवलं. "बरोबर. पुढे." दुसऱ्या दिवशीही तेच. तो घसा पुन्हा कधी उठला नाही.

त्याच्या आधीचं वर्ष हातातल्या मुंग्यांचं होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. झोपेतून उठून तो हात झटकत बसायचा. सर्जनबाईंनी तपासून सांगितलं होतं की मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी नस चेपली गेली आहे, बोगद्याचं छप्पर कापून तिला जागा करून द्यावी लागेल. दादाने नकार दिला. ज्या बोटाने वाचतो, त्याच्याच वाटेवर सुरी? तो मनगटाला पट्टा बांधून झोपू लागला. काही महिन्यांनी मुंग्या थांबल्या.

"बघ," तो म्हणाला होता. "न कापताच बरा झालो."

टकळीने पट्टा धुऊन कपाटात ठेवून दिला होता.

मग पाढ्यांचं पुस्तक छापून शाळांना गेलं आणि एका शाळेतून फोन आला. व्यवस्थापक प्रुफाच्या खोलीत आले ते दार न वाजवता.

"सहा आठे किती हो, दादा?"

"अठ्ठेचाळीस."

"आपल्या पुस्तकात पंचेचाळीस आहेत. गुरुजी म्हणाले, अख्खा वर्ग पानावर बोट ठेवून एका सुरात पंचेचाळीस म्हणतोय."

छपाईच्या पत्र्यावर एक टिंब दबलं होतं, एवढंच. आठातलं ते टिंब गेलं की पाच उरतो. दादाने मान हलवली. "माणूस आहे. सुटलं असेल."

"तुमच्या हातून?" व्यवस्थापक म्हणाले आणि गेले.

टकळी त्या दिवशी फारसं बोलली नाही. दुपारी तिने दादापुढे नवं पान ठेवलं आणि वाचायला लागली. "सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस."

"बरोबर," दादा म्हणाला. बोट ओळीवरून संथ सरकत होतं. "पुढे."

"सात चोक अठ्ठावीस."

"बरोबर. पुढे."

पुढे काही आलं नाही.

"थांबलीस का गं?"

"दादा, ते पाढ्यांचं पान नाहीये. गोष्टीचं आहे. कोल्ह्याची."

त्याचं बोट जागच्या जागी राहिलं. मग त्याने डावा हातही पानावरून उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मुंग्या थांबल्या तेव्हापासून."

सर्जनबाईंनी या वेळी एक चकती काढली. तिच्या कडेला बोथट टोकांच्या जोड्या होत्या, प्रत्येक जोडीतलं अंतर वेगळं. टोकं बोटाला टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन. ज्या सर्वात लहान अंतराला माणूस दोन ओळखतो, तो आकडा लिहायचा. उजव्या तर्जनीवर पंधरा मिलिमीटरलाही दादा "एक" म्हणाला. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटाही बसला होता.

"मुंग्या थांबल्या म्हणजे तुम्ही बरे झालात असं नव्हे," बाई म्हणाल्या. "नस तक्रार करायची थांबली."

"आता कापलं तर?"

"आणखी बिघडणार नाही. गेलंय त्यातलं काही परत येईल. किती, ते मी सांगू शकत नाही. कप हातातून निसटणार नाही. शर्टाची बटणं लागतील."

"मी बटणांचं विचारलं नव्हतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

घरी परतल्यावर टकळीने त्याच्यासमोर चहा ठेवला, डाव्या हाताशी. आता तिला कळलं होतं, गेले कित्येक महिने तो कप त्या बाजूला का सरकवत होता.

"डाव्या हाताने शीक ना," ती म्हणाली.

"डावा माझा ओळ धरणारा गडी. त्याला अक्षरओळख नाही. या वयात त्याला शाळेत घालू?"

"घाल. बाकावर मी बसते शेजारी."

"तू बसलीस तर गुरुजी दोघांनाही बाहेर काढतील." तो हसला नाही. चहा निवत गेला. "ऐक. आत्ता मला वाटतं, की येईलही कधीतरी. एकदा कापलं की वाटणं संपलं. जे असेल ते कळेल."

"मग नको करायचं?"

"पोरं पंचेचाळीस म्हणतायत, टकळे," तो म्हणाला. "करायचं."

ऑपरेशन तळहात बधिर करून झालं. बधिर करण्यासारखं तिथे फार उरलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. दंडाला आवळलेला पट्टा दुखला. हत्यारं ताटलीत ठेवल्याचे आवाज आले. मग सर्जनबाई "झालं" म्हणाल्या.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. उजवा हात बांधलेला आणि उशीवर उंच ठेवलेला, डाव्यात काठी. दार चाचपायला, शर्टाची सुलट बाजू ओळखायला तिसरा हात कुठून आणणार? तो बहुतेक वेळ खिडकीशी बसून राही. टकळी वाचून दाखवायला पुस्तक उघडी तेव्हा काही पानांनंतर तो म्हणे, "पुरे." एकदा म्हणाला, "ऐकताना तू नेशील तिकडे जावं लागतं. वाचताना मी थांबू शकत होतो." तिने पुस्तक मिटलं, आणि पुढे त्याने सांगितल्याशिवाय उघडलं नाही.

टाके निघाले. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना तळहाताच्या मुळाशी ठणका बसे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक डबा दिला: बटणं, वाळू, मखमलीचा तुकडा.

"डोळे मिटून ओळखायचं," त्या सवयीने बोलून गेल्या.

"प्रयत्न करतो," दादा म्हणाला. बाई एवढ्या ओशाळल्या की त्यालाच त्यांची समजूत काढावी लागली.

छापखान्यात त्याला बांधणीत बसवलं, छापील पानांचे फर्मे क्रमाने लावायला. त्याच्या खुर्चीवर आता एक नव्या बाई वाचत, आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचत. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई. कुठे अडखळल्या तर दादाचे हात थांबत.

मखमल ओळखू आली. मग बटणाची भोकं. कप निसटेनासा झाला. एका रविवारी त्याने टकळीकडे पाढ्यांचं पान मागितलं, चुकीचंच, परत आलेल्यांपैकी. ती दारात उभी राहिली. बोट ओळीवर गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"लागतायत?"

"लागतायत." बराच वेळ तो तिथेच घुटमळला. "सगळी एका चादरीखाली झोपल्यासारखी. कोण कुठे संपतो ते कळत नाही."

"येईल ना पण. अजून वेळ आहे. सर्जनबाई म्हणाल्या होत्या, सहा महिने तरी..."

"पान घे," तो म्हणाला. "घडी पडू देऊ नकोस."

सहा महिन्यांनी सर्जनबाईंनी व्रण दाबून पाहिला, अंगठ्याला जोर लावायला सांगितलं आणि म्हणाल्या की ऑपरेशन उत्तम झालं आहे. मग चकती काढली, आधी डावी तर्जनी तपासली आणि मग उजवी हातात घेतली. टकळीला तोंडातून शब्द काढायची बंदी होती. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"एक की दोन?"

"दोन."

चकती फिरली. "आता?"

"दोन."

"आता?"

दादा थांबला. बोट जरासुद्धा हललं नाही. "एक," तो म्हणाला.

बाईंनी तोच आकडा पुन्हा टेकवला, मग त्याच्या आधीचा, मग पुन्हा तो. लिहिताना त्या नेहमीसारखं मोठ्याने बोलल्या.

"डावी तर्जनी, दोन मिलिमीटर. उजवी तर्जनी, पाच."